पाच मिनिटे पंचावन्न सेकंद

‘बोहेमियन रॅप्सोडी’चे नाव महाराष्ट्रात कुठेही काढा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला कुणीतरी म्हणणारच, “तो आपल्या पाचगणीचा ना!” मग गाणे बाजूला राहते आणि ते रचणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीला भारतीय म्हणायचे की नाही यावर चहा संपेपर्यंत वाद रंगतो. या पुस्तिकेचे हस्तलिखित हातात आले तेव्हा मी आधी अनुक्रमणिका पाहिली. पहिली दोन प्रकरणे गाण्यावर, पाचगणी तिसऱ्यात. एवढे पाहूनच मी प्रस्तावनेला होकार दिला.

लिहिणारी मंडळी रत्नागिरीची आहेत, वयाने माझ्या निम्म्याहून लहान. मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करणारा माणूस. रॉक संगीतातले मला काय कळते, असे त्यांना विचारले तर उत्तर आले, “काका, या गाण्यात पियानो आहे आणि नाटक आहे. गिटारचं आम्ही बघतो.” हा करार मला मान्य झाला. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते रॉकच्या जाणकाराचे नाही. पट्टी बदलली की कान टवकारणाऱ्या साथीदाराचे आहे.

तरी वाचकाची उत्सुकता आधी भागवून टाकलेली बरी, म्हणून पाचगणीपासूनच सुरुवात करतो. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी घरात फारूख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, जन्मला. आडनाव सांगते तसे घराणे मूळचे बलसाडचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, तिथल्या हायकोर्टात रोखपाल. मुलाचे शिक्षण चांगले व्हावे म्हणून आठ-नऊ वर्षांच्या फारूखला बोटीने मुंबईला, तिथून पुण्याला आणि मग घाट चढवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले. मुंबईला आजी आणि आत्या-मावशांचा आधार होता. सुट्ट्या तिथे जायच्या. झांझिबारला जाणे वर्षाकाठी घडले तर घडले. पुढची जवळजवळ आठ वर्षे त्याने पाचगणीच्या वसतिगृहात काढली.

या वर्षांतल्या तीन गोष्टी ठळक आहेत. शाळेने पालकांना कळवले की मुलाला संगीताचे अंग आहे, थोडी जादा फी भरलीत तर पियानोची रीतसर शिकवणी देता येईल. पालकांनी भरली, आणि तो लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा देत चौथ्या श्रेणीपर्यंत गेला. दुसरी गोष्ट, रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी. तिसरी, पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात ब्रूस मरी गाणारा. फारूख पियानोवर आणि मागून आवाज द्यायला. बाकीचे तिघे डेरिक ब्रांच, फरांग इराणी आणि व्हिक्टरी राणा. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची, इतकाच त्यांचा व्याप. पुढे ज्याच्यामागे मैदानभर माणसे गाताना जगाने ऐकली, तो तेव्हा मुख्य गायकसुद्धा नव्हता. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला, फरांग इराणीने पुण्यात उपाहारगृह चालवले आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात वरच्या हुद्द्यापर्यंत पोचला. एका शाळकरी बँडमधून इतक्या दिशांना माणसे गेलेली दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाहीत.

रेडिओचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवळण घेतो. त्या काळात इंग्रजी गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन. आकाशवाणीचा कारभार १९५२ पासून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्याकडे होता. सिनेमाच्या गाण्यांवर त्यांचा राग जगजाहीर होता आणि त्या रागामुळेच सिलोनचे श्रोते वाढले. आमच्या पेटीला तर १९४० पासूनच आकाशवाणीत मज्जाव होता, तो तीसेक वर्षे टिकला. श्रुतींचा बारकावा पेटीत येत नाही, हे कारण. तेव्हा पुण्या-मुंबईच्या केंद्रांवर पेटीवाले बाहेर उभे आणि पाचगणीच्या एका शाळेत पारशी मुलगा पाश्चात्त्य स्वरांच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या बडवतो आहे, असे ते चित्र. त्याला कुणाची हरकत नव्हती, हे त्याचे नशीब.

पाचगणीने त्याला काय दिले? पियानो दिला, रंगमंच दिला आणि लहानपणीच घराबाहेर राहायची सवय लावली. ‘फ्रेडी’ हे नावही तिथल्याच दोस्तांनी पाडलेले. याहून जास्त मागू नये. लताबाईंच्या गाण्याचा त्याच्यावर परिणाम होता असे चरित्रकार लिहितात. मुंबईत सुट्टी काढणाऱ्या मुलाच्या कानावर लताबाई पडल्या नसत्या तरच नवल. पण या गाण्यात मला तो परिणाम ऐकू येत नाही. लेखकांनीही तो बळेच शोधलेला नाही, याबद्दल त्यांचे कौतुक.

शाळा संपवून तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतान पळाला, अरब आणि हिंदी माणसांची कत्तल झाली. बलसारा कुटुंब होते-नव्हते ते टाकून लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात आले. फ्रेडी ईलिंगच्या कलाशाळेत ग्राफिक डिझाइन शिकला. क्वीन बँडचे बोधचिन्ह त्यानेच काढलेले. १९७० मध्ये गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांच्याबरोबर बँड उभा राहिला, पुढच्या वर्षी बेस वाजवायला जॉन डीकन आला आणि चौकट पूर्ण झाली. मे हा खगोलभौतिकीचा विद्यार्थी. अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पुरी केली. त्याची गिटार त्याने आणि वडिलांनी घरी बनवलेली, तिच्या दांड्याचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलेले. ही माहिती मला मुलांनी सांगितली आणि मी ती दोनदा विचारून घेतली, कारण वाद्य स्वतः घडवणाऱ्या माणसाबद्दल आमच्या धंद्यात आदर असतो.

आता गाणे.

गाण्याचे तुकडे फ्रेडीच्या डोक्यात साठच्या दशकाच्या अखेरीपासून होते. निर्माता रॉय थॉमस बेकर याने अनेकदा सांगितलेला प्रसंग असा : फ्रेडीने आपल्या घरी पियानोवर सुरुवातीचा भाग वाजवून दाखवला, मध्येच थांबला आणि म्हणाला की आता इथे ऑपेरा येणार. बेकर हसला, पण दचकला नसावा. डेक्का कंपनीत असताना त्याने इंग्लंडच्या डॉयली कार्ट या संगीतिका मंडळीबरोबर काम केले होते. ‘इथे ऑपेरा येणार’ या वाक्यातला ऑपेरा कसा ध्वनिमुद्रित करायचा हे ठाऊक असलेला माणूस नेमका त्या खोलीत बसला होता, हा योग या गाण्याच्या जन्मकथेत पाचगणीपेक्षा मोठा आहे असे माझे मत.

२४ ऑगस्ट १९७५ रोजी वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झाले. हा स्टुडिओ शेतावरचा, एकेकाळचा गोठा-तबेला सुधारून केलेला. पुढे आणखी चार स्टुडिओ वापरावे लागले. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या गाण्यातला ऑपेराचा भाग जेमतेम एक मिनिटाचा आहे. वेळ सगळा त्याने खाल्ला. सुमारे तीन आठवडे, दिवसाला दहा-बारा तास गाणे. आजच्या मुलांना संगणकावर आवाजाचे थर एकावर एक चढवणे म्हणजे काहीच वाटत नाही, म्हणून लेखकांनी दुसऱ्या प्रकरणात ती जुनी रीत नीट समजावली आहे. मी ती थोडक्यात सांगतो.

टेप दोन इंच रुंद, तिच्यावर चोवीस माग. एका मागावर एक आवाज. गाणारे तिघेच : फ्रेडी, मे आणि टेलर. डीकन गात नसे. तिघांतून शंभर माणसांचा समूह उभा करायचा, तर तिघांनी तोच सूर पुन्हापुन्हा गायचा, ते सगळे माग एकत्र करून एका मागावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या मागांवर पुढचा सूर गायचा आणि पुन्हा एकत्र करायचे. असे एकशे ऐंशीपर्यंत थर चढले असे सांगतात. दर खेपेला टेप यंत्राच्या डोक्यावरून घासत जाते आणि तिच्यावरचा तपकिरी लेप झिजतो. शेवटी टेप उजेडासमोर धरली तर पलीकडचे दिसू लागले होते. म्हणजे ज्या पदार्थावर गाणे साठवायचे तोच संपत आला होता आणि फ्रेडी अजून एक ‘गॅलिलिओ’ वाढवू म्हणत होता. टेलरने वरचे टिपेचे सूर लावले, मेने खालचे, फ्रेडीने मधले. आमच्याकडे तालमीत एखादा नट सोळाव्यांदा तीच तान घ्यायला लागला की साथीदार घड्याळाकडे बघतो. तीन आठवडे न बघणाऱ्या माणसांना माझा नमस्कार.

सुरुवातीचा, नुसत्या कंठांचा भाग आणखी गमतीचा आहे. चित्रफितीत चौघेही गाताना दिसतात. प्रत्यक्षात ते सगळे आवाज एकट्या फ्रेडीचे आहेत, एकावर एक चढवलेले. हे कळल्यावर मी तो भाग पुन्हा ऐकला, आणि खरेच, सगळ्या आवाजांचा श्वास एकाच जागी तुटतो.

आता बांधणी. सुमारे पन्नास सेकंद कंठांचा समूह, मग पियानोवरचे संथ गाणे, मग गिटारचा छोटा एकल तुकडा, तीन मिनिटे पाच सेकंदांना ऑपेरा, चार मिनिटे सात सेकंदांना धडाडणारे रॉक, आणि शेवटचे मिनिट पुन्हा संथ, अखेर गाँगचा एक मोठा घुमारा. ज्याला आपण धृपद म्हणतो ते यात कुठेच नाही. एकदा येऊन गेलेला भाग पुन्हा फिरकत नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यात हे अघटित होते, आणि लांबीएवढीच रेडिओवाल्यांची तीही अडचण होती. रत्नागिरीच्या श्रोत्याला मात्र त्याचे इतके आश्चर्य वाटायचे कारण नाही. नमन-खेळ्यांत रात्रभर गण होतो, गवळण होते, मावशी हसवून जाते, संकासुर येतो, मग वग लागतो. प्रत्येकाची चाल, वाद्यांचा जोर, आवाजाची फेक वेगळी, आणि गवळण पुन्हा का आली नाही असे कुणी विचारत नाही. फरक हा की आपल्याकडे त्याला रात्र मिळते. फ्रेडीने ते सहा मिनिटांत बसवले, आणि सांधे बुजवायला सूत्रधारही ठेवला नाही. एका भागातून दुसऱ्यात जाताना तो पट्टी बदलतो आणि तुम्ही आपोआप ओढले जाता. गिटारचा तुकडा संपता संपता जमीन सरकते आणि पियानोचे तुटक ठोके सुरू होतात, तो सांधा मी किमान एका संगीत नाटकाच्या दिग्दर्शकाला ऐकवायला हवा होता. ते आता नाहीत.

शब्दांबद्दल. स्कारामूश हा इटालियन लोकनाट्यातला फुशारक्या मारणारा विदूषक, फिगारो हा ऑपेरातला चलाख न्हावी, गॅलिलिओ बहुधा मेची थट्टा करायला आलेला, बीलझेबब हा सैतानाच्या दरबारातला. या गर्दीत ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो. इंग्रजी समीक्षकांनी त्याला वर्षानुवर्षे विचित्र, परका, गंमत म्हणून घातलेला ठरवले. लेखकमंडळींतली एकजण रत्नागिरीतल्या राजिवडा या मुस्लिम मोहल्ल्यातली आहे. तिने लिहिले आहे की गाण्यात तिला कळलेला पहिला शब्द तोच, बाकीचे सगळे शब्दकोशात बघावे लागले. झांझिबारच्या गल्लीत वाढलेल्या मुलालाही तो परका नव्हता. याच शब्दाचा एक पुढचा किस्सा आहे. २००४ मध्ये इराणमध्ये क्वीनच्या निवडक गाण्यांची कॅसेट सरकारी परवानगीने निघाली. पाश्चात्त्य रॉकला अशी परवानगी मिळणे हे तिथे नवल होते. सोबतच्या पत्रकात या गाण्याचा अर्थ दिला होता : तरुणाच्या हातून चुकून खून होतो, तो आत्मा सैतानाला विकतो आणि फाशीच्या आदल्या रात्री देवाचे नाव घेऊन तो परत मिळवतो. राजिवड्याच्या त्याच लेखिकेने या पत्रकावर चार पाने लिहिली आहेत. पुस्तिकेतला तो मला सर्वांत आवडलेला भाग.

अर्थाबाबत फ्रेडीने शेवटपर्यंत तोंड उघडले नाही. प्रेमसंबंधांबद्दल आहे, बाकी ऐकणाऱ्याने ठरवावे, एवढेच तो म्हणे. बाकीच्या तिघांनीही ते मौन पाळले. हे गाणे म्हणजे समलिंगी माणसाने स्वतःशी दिलेली कबुली आहे, असे टिम राइससारख्या, त्याच्याबरोबर काम केलेल्या गीतकारानेही म्हटले आहे. चौथ्या प्रकरणात लेखकांनी हा अर्थ जवळजवळ पक्का धरला आहे. तिथे माझे त्यांचे जमत नाही. तो अर्थ बसतो, हे खरे. जुन्या ‘मी’ला संपवून आईला सांगणारा मुलगा गाण्यात आहेच. पण एकदा किल्ली सापडली म्हटले की लोक कुलपाकडे बघेनासे होतात, आणि स्कारामूश, गाँग, तीन आठवड्यांचे गाणे हे सगळे त्या एका कबुलीची सजावट होऊन बसते. आम्ही यावर भरपूर भांडलो. त्यांनी प्रकरण बदलले नाही, मी माझा परिच्छेद काढला नाही.

बाजारात यायची कहाणी माहितीची आहे, म्हणून भरभर सांगतो. ईएमआय कंपनीला गाणे फार लांब वाटले, कापा म्हणाली, बँड ऐकेना. कॅपिटल रेडिओच्या केनी एव्हरेटने प्रत हाती येताच एका शनिवार-रविवारात ती चौदा वेळा वाजवली, लोक सोमवारी दुकानांत मागायला गेले. ३१ ऑक्टोबर १९७५ ला तबकडी निघाली. १० नोव्हेंबरला एल्सट्रीच्या स्टुडिओत ब्रूस गॉवर्सने चार तासांत चित्रफीत उरकली, कारण बँड दौऱ्यावर निघाला होता आणि दूरचित्रवाणीवर हजर राहून असले गाणे ओठ हलवून म्हणणे हास्यास्पद दिसले असते. नोव्हेंबरअखेर गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि नऊ आठवडे हलले नाही. ज्या ध्वनिमुद्रिकेत ते होते तिचे नाव ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’, मार्क्स बंधूंच्या १९३५ च्या विनोदी चित्रपटावरून उचललेले. ऑपेराकडे बघण्याची त्यांची नजर त्या नावातच कळते.

वारशाचा भाग मला जास्त गुंतागुंतीचा वाटतो, कारण हे गाणे त्याच्या कर्त्यांनाही रंगमंचावर पूर्ण गाता आले नाही. तिघांनी शंभर आवाज आणायचे कुठून? म्हणून ऑपेरा आला की चौघे आत निघून जात, अंधारात टेप वाजे, आणि रॉकचा भाग सुरू होताच पुन्हा धडकत. नाटकातल्या माणसाला हे ऐकून आधी राग येतो. नट विंगेत आणि गाणे चालू! पण विचार करता यातला प्रामाणिकपणा पटतो : जे टेपवर जन्मले ते टेपवरच ऐका, आम्ही इथे उभे राहून ओठ हलवणार नाही. १३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’मध्ये तर त्यांनी पियानोवरचा पहिला भाग तेवढा घेतला आणि ऑपेराच्या उंबऱ्यावरून दुसऱ्या गाण्यात उडी मारली. सत्तर हजारांवर माणसे समोर होती, कुणाची तक्रार ऐकली नाही. उरलेले त्यांना पाठ होते.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने फ्रेडी गेला. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. महिन्याभरात हेच गाणे पुन्हा काढले गेले, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाले. पुढच्या वर्षी ‘वेन्स वर्ल्ड’ या अमेरिकन विनोदी चित्रपटात पाच टवाळ पोरे गाडीत बसून हे गाणे म्हणतात आणि रॉकच्या भागाला माना झटकतात. १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेले गाणे त्या माना झटकण्याने दुसऱ्यावर चढले. २०१८ मध्ये गाण्याच्याच नावाचा चित्रपट आला, फ्रेडीची भूमिका करणाऱ्या रामी मलेकला ऑस्कर मिळाले. याच वेळी आपल्या वर्तमानपत्रांतून पाचगणीवरचे लेख आले आणि “आपला फ्रेडी” नव्याने सुरू झाला.

“आपला” म्हणणारे आपण एकटे नाही, हे तिसऱ्या प्रकरणात फार चांगले आले आहे. स्वित्झर्लंडच्या माँत्रोत तळ्याकाठी त्याचा पुतळा १९९६ पासून उभा आहे. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळा स्मृतिफलक लागला. झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये २०१९ ला त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले, त्याच झांझिबारमध्ये २००६ साली त्याचा साठावा वाढदिवस साजरा करायला एका धार्मिक संघटनेने कडाडून विरोध केला होता. इराणी त्याच्यात पूर्वजांचे रक्त बघतात. पारशी मंडळी हक्काने बघतात, तो हक्क खरा आहे. तो स्वतः मात्र या सगळ्यांबद्दल फारसे बोलला नाही. मुलाखतींत पाचगणी क्वचित येते, आली तर वसतिगृहाने स्वतःचे स्वतः निभावायला शिकवले एवढ्यापुरती. फ्रेडी असताना क्वीनचा कार्यक्रम भारतात झाला नाही. काहींना याचा राग येतो. मला वाटते, आठव्या वर्षी बोटीवर बसवलेल्या आणि अठराव्या वर्षी दुसऱ्यांदा घर सुटलेल्या माणसाला गावांची नावे घेत बसायची हौस नसेल तर ते समजण्यासारखे आहे. त्याने नाव बदलले, आडनाव बदलले, आणि स्वतःचा सारा पसारा एका गाण्यात असा मांडला की त्यावर कुठल्याच गावाला शिक्का मारता येऊ नये. म्हणूनच हे पुस्तक आधी गाण्यापाशी थांबते हे मला योग्य वाटते.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सदबीज लिलावात या गाण्याचे कच्चे कागद विकले गेले. एका विमान कंपनीच्या छापील कागदांवर पेन्सिल-पेनाने लिहिलेले शब्द, खाडाखोड, आणि एका पानावर ‘मंगोलियन रॅप्सोडी’ असे नाव लिहून काटलेले. किंमत तेरा लाख पौंडांच्या वर गेली. ज्या पियानोवर चाल बसली तो यामाहा पियानो सतरा लाखांच्या पुढे. कागदांची छायाचित्रे पाहून लेखकांनी खाडाखोडीवर दीडच पान लिहिले आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर हा भाग वाढवावा. मंगोलियाहून बोहेमियाला येताना इतर काय काय गळाले ते सविस्तर वाचायला मला आवडेल.

परिशिष्टात पियानोच्या भागाचे स्वरलेखन आहे, ते मुलांच्या आग्रहावरून मी केले. भातखंडे पद्धतीची चिन्हे ठेवली आहेत, दोन्ही हातांसाठी दोन ओळी. गाणे काळी पाचला सुरू होते, ऑपेराच्या तोंडाशी पांढरी सहा लागते, रॉकचा भाग काळी दोनवर आहे आणि शेवट पांढरी चारवर टेकतो. पेटीवर एकट्याने वाजवून पाहणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे : संथ भागाच्या सुरुवातीला फ्रेडीचा डावा हात उजव्याच्या वरून पलीकडे जाऊन एकच सूर टेकवून परत येतो. पेटीचा भाता सांभाळून हे जमत नाही. ऑर्गनवर पाय मोकळे चालतात म्हणून जमते, पण बसण्याची जागा थोडी उजवीकडे सरकवून घ्यावी लागते.